आगीचा बंब लालच का? (आणि मग संध्याकाळी तो दिसत का नाही?)

खडकवासलेकर

मंडळी, एक भाबडा प्रश्न आहे, हसू नका.

परवा संध्याकाळी सातच्या सुमारास सिंहगड रोडला अडकलो होतो. रिमझिम पाऊस, सगळ्यांचे वायपर चालू, अंधार पडत आलेला. मागून सायरन ऐकू येत होता पण नक्की कुठून ते कळेना, आरशात नुसते दिवेच दिवे. खरं सांगतो, बंब अगदी ढुंगणाला येऊन टेकेपर्यंत मला तो बंब आहे हे कळलंच नाही, आधी वाटलं कुठलातरी काळपट ट्रक आहे. घेतली गाडी बाजूला, गेला बिचारा पुढे. मागच्या सीटवरून चिरंजीव (वय ८):

"बाबा, बंब लाल का असतो?"
"लांबून दिसावा म्हणून."
"पण तुला तर दिसलाच नाही."

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. बंब लाल, ॲम्ब्युलन्स पांढरी, शाळेची बस पिवळी, हे ठरवलं कोणी आणि कशावरून? कोणाला माहीत असेल तर सांगा, चिरंजीव रोज विचारतायत.

नाक्यावरचा

टेंडरमध्ये लाल रंगाचे डबे उरले असतील. पुढचा प्रश्न विचारा.

विज्ञानवेडी

सोपं आहे की! लाल रंगाची तरंगलांबी सगळ्यात जास्त, म्हणून तो हवेत कमी विखुरतो आणि लांबपर्यंत पोचतो. सिग्नल लाल, धोक्याचा दिवा लाल, तसाच बंब लाल. आठवी-नववीच्या पुस्तकात होतं.

चष्म्याचा नंबर

ताई, पुस्तकातलं अर्धं बरोबर आहे पण ते दिव्याला लागू पडतं, रंगवलेल्या पत्र्याला नाही. पत्रा स्वतः उजेड देत नाही, त्याच्यावर जो पडेल त्यातला थोडा परत पाठवतो. आणि धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, तिथे लालला फारशी सवलत मिळत नाही.

मी डोळे तपासायचं काम करतो म्हणून जरा लांबण लावतो, माफ करा. आपल्या डोळ्यात दोन व्यवस्था आहेत. भर दिवसा चालते ती ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण, म्हणजे पोपटी-पिवळ्याला. अंधारात चालते ती ५०७ च्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकलेली. लाल ६२० च्या पुढे. म्हणजे दिवसासुद्धा लाल हा काही डोळ्याचा लाडका रंग नाही आणि अंधार पडायला लागला की सगळ्यात आधी तोच मरतो, काळा दिसायला लागतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे १८१९ च्या सुमारास नोंदवलं, त्याला म्हणे बागेतली लाल फुलं दिवसा झगझगीत आणि कातरवेळी पानांपेक्षाही गडद दिसली. घरी जास्वंद असेल तर आजच बघा.

थोडक्यात खडकवासलेकर, तुमच्या डोळ्यात दोष नाही. सातची वेळ, पाऊस, लाल पत्रा. काळपट ट्रकच दिसणार.

खडकवासलेकर

हे मस्त सांगितलंत. पण मग जगभर लालच का? इतकी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही?

चष्म्याचा नंबर

आली ना! अमेरिकेत माझ्याच धंद्यातला एक माणूस होता, स्टीफन सोलोमन, डोळ्यांचा तज्ज्ञ आणि वर अग्निशमन दलात स्वयंसेवक. तो वर्षानुवर्षं सांगत होता की बंब लिंबासारखे पोपटी-पिवळे करा. १९९५ मध्ये त्याने आणि जेम्स किंगने डॅलस शहराच्या चार वर्षांच्या अपघातांच्या नोंदी छापल्या. तिथे दोन्ही रंगांचे बंब एकाच वेळी रस्त्यावर होते, म्हणजे आयताच प्रयोग. न दिसल्यामुळे होणारे अपघात लाल गाड्यांचे बरेच जास्त निघाले, धोका जवळजवळ तिपटीपर्यंत असू शकतो असं त्यांचं म्हणणं.

आणि तरीही बऱ्याच गावांनी पिवळे बंब परत लाल केले.

नाक्यावरचा

का? टेंडर??

वर्दी

मी सांगतो का ते. अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागलो, तांडेल झालो आणि आता निवृत्त आहे. शहर सांगत नाही.

पिवळ्या रंगाची गाडी लोकांना दिसेल हो, पण ती कसली आहे ते कळेल का? पिवळी म्हटल्यावर कुणाला जेसीबी वाटेल, कुणाला शाळेची बस. वर्दी (म्हणजे आगीची खबर) आली की आम्ही मिनिटाच्या आत गेटबाहेर. पुढच्या माणसाने वळून बघितलं की एका क्षणात त्याच्या डोक्यात "बंब" हा शब्द यायला पाहिजे, "ही कुठली गाडी बरं" असा विचार करत बसला तर आमचे पाच सेकंद गेले. लाल बघून पोरं रस्त्याच्या कडेला उभं राहून हात करतात, म्हातारी माणसं नमस्कार करतात. ही ओळख शंभर वर्षांत तयार झालीय, ती एका संशोधनावर पुसायची?

आता कबुलीही देतो. एकदा पहाटे वर्दी संपवून परत येत होतो, सायरन बंद, वरचे दिवे बंद, सगळे दमलेले. मागून टेम्पोने येऊन ठोकलं. त्याचं एकच म्हणणं, "साहेब, दिसलीच नाय गाडी." तेव्हा मी त्याला फार बोललो होतो. आता हे डोळ्याचं वाचून वाटतंय की गडी खरंच बोलत असेल.

जुन्या गाड्यांना बाजूला पितळी घंटा असायची, दोरी धरून एक जण हाताने वाजवत जायचा. आमच्या एका साहेबांचं म्हणणं, रंग कोणता का असेना, घंटेला तोड नाही.

शब्दांचा बाजार

विषयांतर करतो. "बंब" हा आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलाय, त्यांच्या भाषेत बोंबा म्हणजे पंप. बंबवाल्याला ते बोंबेइरू म्हणतात. अंघोळीचा तांब्याचा बंबही त्याच गोतावळ्यातला.

नाक्यावरचा

म्हणजे आग लागल्यावर बोंबा मारायच्या तो शब्द पण त्यांचाच का

शब्दांचा बाजार

नाही, बोंब आपली अस्सल घरची आहे. शिमग्याला पोर्तुगीज यायची गरज नव्हती.

लाल डबा

वर्दीकाका, आदर ठेवून असहमत. लाल म्हणजे बंब ही ओळख लंडन-न्यूयॉर्कच्या पुस्तकात ठीक आहे. आपल्याकडे लाल म्हणजे एस्टी! मुंबईत लाल म्हणजे बेस्ट! पोस्टाची गाडी लाल, पोस्टाची पेटी लाल. मागून मोठं लाल धूड येताना दिसलं की माझं डोकं पहिल्यांदा म्हणतं "एस्टी, साइड देऊ नको, पुढे जाऊन मधेच थांबेल".

आणि गंमत म्हणजे एस्टी मुळात लाल नव्हतीच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली ती निळ्या-चंदेरी रंगाची होती. निळीच राहिली असती तर बंबाला लाल मोकळा मिळाला असता.

कोकणकडा

लालपरीबद्दल अवाक्षर नको. गणपतीला तीच येते गावाला न्यायला, बंब नाही येत.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत बंब लालच आहेत, आणि नव्या गाड्यांवर चमकत्या लाल-पिवळ्या पट्ट्या असतात, रात्री गाडीचा दिवा पडला की डोळे दिपतात. दिवे मात्र सगळ्यांचे निळे, पोलीस, बंब, ॲम्ब्युलन्स, सगळे. ही निळ्याची कथा जरा विचित्र आहे. १९३८ मध्ये नियम आला, युद्धाची तयारी चालू होती, आणि विमानातून निळा दिवा कमी दिसतो म्हणून तो निवडला असं इथे सांगतात. म्हणजे रस्त्यावर दिसावा पण आकाशातून दिसू नये म्हणून घेतलेला रंग, युद्ध संपलं, विमानं गेली, निळा राहिला.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते रंगाचं नाही. हायवेवर ट्रॅफिक तुंबायला लागलं की सायरन ऐकू येण्याची वाट न बघता लोक गाड्या फाकवतात. सगळ्यात डावी लेन डावीकडे, बाकीच्या उजवीकडे, मधून वाट. त्याला रेटुंग्सगासे म्हणतात, म्हणजे जीव वाचवायची गल्ली. कायदाच आहे तसा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पुढे मंत्री येतोय.

नाक्यावरचा

आमच्याकडे अशी गल्ली पडली की पहिल्या तीन बाइक त्यातून आधी जातात.

पुणेरी पाटी

आणि ॲम्ब्युलन्सच्या मागे चिकटून जाणारे राहिले की. त्यांचा वेगळा पंथ आहे.

कायदेकानू

माहितीसाठी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४-ई आलं, बंब-ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. किती जणांना झालाय ते विचारू नका.

दिव्यांबद्दल, १ मे २०१७ पासून मंत्री-संत्री सगळ्यांचे लाल दिवे उतरवले, १९८९ च्या नियमावलीतला १०८ नंबरचा नियम बदलून. त्याआधी लाल दिवा म्हणजे "साहेब आले" अशीच ओळख होती, तातडी वगैरे कोणाच्या डोक्यात नव्हतं. आता आपत्कालीन गाड्यांना लाल, निळा, पांढरा असा मिश्र दिवा. वर्दीकाकांच्या "ओळख" मुद्द्याला ही पुरवणी, ओळख चुकीची पण तयार होते.

आणि रंगाचा नियम हवा असेल तर १२१ वाचा, लष्कराचा तो गडद हिरवा रंग साध्या माणसाने गाडीला मारायचा नाही. लाल मारायला मात्र कोणाचीच ना नाही, तुमची हॅचबॅक बंबाच्या रंगाची खुशाल घ्या.

डोंगरी डॉक्टर

ॲम्ब्युलन्सचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी तालुक्याच्या ठिकाणी आहे, १०८ च्या गाड्यांशी रोजचा संबंध.

पांढरा रंग म्हणजे स्वच्छता, दवाखाना, शांतता वगैरे सगळं ठीक, आणि उन्हात गाडी कमी तापते हा खरा फायदा. पण आपल्या रस्त्यावर निम्म्या गाड्या पांढऱ्याच आहेत हो! त्यातून ॲम्ब्युलन्स बहुतेक वेळा फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली, आणि तीच पांढरी ट्रॅव्हलर अष्टविनायकाला पण जाते, लग्नाचं वऱ्हाड पण नेते. समोरून दिवा लागलेला नसेल तर काय ओळखणार?

आमचा ड्रायव्हर रात्री घाटात रंगावर अजिबात भरवसा ठेवत नाही. त्याचा सगळा जीव त्या चमकणाऱ्या पट्टीत. दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसतो, "मॅडम, ही धुळीने मेली की आपण मेलो" म्हणतो. चिखल उडाला की पांढरी गाडी पण खाकी होते ना.

दुसरं एक. दवाखान्यांच्या गाड्यांवर लाल क्रॉस काढलेला दिसतो तो काढायची परवानगी नसते, ते जिनिव्हा कराराचं चिन्ह आहे आणि आपल्याकडे १९६० चा कायदा आहे त्याला. अमेरिकेत तर रेडक्रॉसने नारिंगी क्रॉसलाही हरकत घेतली, तेव्हा १९७३ मध्ये तो सहा टोकांचा निळा तारा आला, मधे काठी आणि साप असलेला. आमच्या एका पेशंटच्या आजीने विचारलं होतं, "गाडीवर नाग कशाला गं काढलाय, आधीच पोराला चावलाय."

पुणेरी पाटी

आजी 😂😂 पोरगं बरं झालं ना पण?

डोंगरी डॉक्टर

झालं. फुरसं होतं, वेळेत आणलं.

लेस्टरची सून

इथे ब्रिटनमध्ये ॲम्ब्युलन्स पिवळ्याधमक, आणि बाजूला पिवळे-हिरवे मोठे चौकोन. पोलिसांचे पिवळे-निळे, बंबाचे पिवळे-लाल. त्याला बॅटनबर्ग म्हणतात, केकच्या नावावरून, कारण तो केक कापला की आत असेच चौकोन दिसतात. १९९० च्या दशकात पोलिसांच्याच संशोधन विभागाने बसवलेलं डिझाइन. मला पटलं ते हे की पिवळा सगळ्यांना समान आहे, तो "बघा" म्हणतो, आणि दुसरा रंग "मी कोण" ते सांगतो. म्हणजे चष्म्याचा नंबर आणि वर्दीकाका दोघंही बरोबर, एकाच पत्र्यावर.

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, चौकटीची लुंगी नेसवलीय गाडीला.

चष्म्याचा नंबर

ताईंनी नेमकं पकडलं. अमेरिकेच्या अग्निशमन खात्याचा २००९ चा अहवालही साधारण तिथेच येतो, नुसतं ठळक असून भागत नाही, माणसाला ओळखू पण आलं पाहिजे. मी लिंबूवाला आहे पण इथे एक पाऊल मागे घेतो. अर्धंच हां.

तपकिरी चष्मा

मी रंगांधळा आहे, लाल कमी दिसणारा प्रकार. तुम्ही सगळे संध्याकाळचं बोलताय, मला भर दुपारी बंब गडद तपकिरी दिसतो. लहानपणी शाळेत बंबाचं चित्र मी मातकट चॉकलेटी रंगवलं होतं, बाईंनी सगळ्या वर्गाला दाखवलं. सिग्नलला मी जागा पाठ करतो, वरचा म्हणजे थांबा. बंबाला मी ओळखतो ते शिडीवरून आणि निळा दिवा फिरताना दिसतो त्यावरून. निळा मला तुमच्याइतकाच झकास दिसतो. तेव्हा लाल ही "सगळ्यांची" ओळख आहे असं धरू नका एवढंच.

वर्दी

@तपकिरी चष्मा, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं लाल गाडीवर काढली.

विज्ञानवेडी

लायसन्स मिळालं का हो तुम्हाला?

तपकिरी चष्मा

बराच काळ नाही. २०२० मध्ये नियम शिथिल झाला, सौम्य-मध्यम असेल तर देतात, मग काढलं. तोपर्यंत बायको चालवायची. अजूनही तीच चालवते, मी फक्त मागून सूचना देतो.

भोसरीचा रंगारी

गाड्यांच्या पेंटचं काम आहे आपलं. रंगाची दुसरी बाजू सांगतो जी कोणी बोलत नाही. लाल हा महाग आणि नखरेल रंग. झाकतो कमी, खालचा प्रायमर डोकावतो, म्हणून हात जास्त मारावे लागतात. वर उन्हात उभी राहिली की बॉनेट आधी गुलाबी पडायला लागतो. ठोकलेला एक पॅनल नवा रंगवला की जुन्याशी जुळता जुळत नाही, पॅच दिसतोच.

पिवळा पण तसाच नाजूक. पूर्वी क्रोम येलो यायचा, एका हातात झाकायचा, पण त्यात शिसं. अमेरिकेत १९३९ ला शाळेच्या बसचा पिवळा ठरवला तो हाच क्रोमवाला, फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकाने सगळ्या राज्यांची माणसं एका खोलीत बसवून पट्ट्या लावून निवडला म्हणतात. त्यावर काळी अक्षरं पहाटे पण वाचता येतात.

लोक सांगतात की पूर्वी लाल रंग स्वस्त होता म्हणून बंब लाल, तर दुसरे सांगतात महाग होता म्हणून मिरवायला लाल. दोन्ही ऐकीव. आमच्या शॉपमध्ये तरी लाल कधी स्वस्त नव्हता, तेव्हा @नाक्यावरचा, टेंडरमध्ये डबे उरतील ते पांढरे.

नाक्यावरचा

माझी थिअरी पुराव्यानिशी हाणून पाडणारा पहिला माणूस. मानलं.

एप्रन

विमानतळावर काम करतो. आंतरराष्ट्रीय नियमावलीत आपत्कालीन गाड्यांना ठळक असा एकच रंग, शक्यतो लाल किंवा पिवळसर हिरवा असं लिहिलंय, आणि बाकी सेवेच्या गाड्यांना पिवळा. म्हणजे तिथल्या साहेबांनी पण भांडण न मिटवता दोन्ही ठेवले.

लाल डबा

शासकीय बैठकीचा निर्णय वाटतोय.

वर्दी

रंगावर इतकं चाललंय म्हणून एक आठवण द्यायला पाहिजे. १४ एप्रिलला आमचा दिवस असतो, १९४४ ला त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र. आमचे ६६ जण गेले. स्फोटक माल असला की जहाजावर लाल बावटा लावायचा असतो, तो त्यावर लावलेला नव्हता. भरती झाल्यावर आम्हाला जुन्या माणसांनी हे सांगितलं ते असं, की "लाल दिसलं तर सावध होशील, पण न दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नको."

तरीपण माझं मत बंब लालच हवा. बाजूने पिवळ्या पट्ट्या मारा, मागे चमकणारी नक्षी मारा, लुंगी नेसवा हवं तर, पण अंग लाल.

कोकणकडा

काका 🙏

पुणेरी पाटी

🙏

एक शंका, ॲम्ब्युलन्सवर उलटी अक्षरं असतात आरशात सरळ दिसावीत म्हणून, ती फक्त इंग्रजीतच बघितलीत. देवनागरीत "रुग्णवाहिका" उलटं कोणी लिहिलेलं पाहिलंय का?

शब्दांचा बाजार

उलट्या "ण" ला बघून पुढचा माणूस गाडी बाजूला घेईल खरी, पण वाचायला.

खडकवासलेकर

धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. तर चिरंजीवांसोबत केलेला प्रयोग सांगतो.

घोटीव कागदाचे चार चौकोन आणले, लाल, पिवळा, पोपटी, निळा. गच्चीच्या कठड्याला चिकटवले आणि साडेसहापासून खुर्च्या टाकून बसलो. दिवसा लाल सगळ्यात उठून दिसतोय असं दोघांचंही म्हणणं. सव्वासातला लाल विटेच्या रंगाचा झाला. साडेसातला मी म्हटलं काळा, तो म्हणाला "काळा नाही, काळाकुट्ट". पोपटी आणि पिवळा नुसते पांढुरके डाग, पण तिथे आहेत हे लांबूनही कळत होतं. सगळ्यात मजा निळ्याची, दिवसा तो लालपेक्षा फिका वाटत होता का गडद यावर आमचं भांडण झालं होतं, अंधारात तो सरळ सरळ लालपेक्षा उजळ. मग खालून बायकोने गच्चीतला दिवा लावला आणि प्रयोग संपला.

चिरंजीवांनी वहीत बंब काढलाय. वरून लाल, खालून अर्धा पोपटी, आणि वर घंटा, घंटेची दोरी ओढणारा एक माणूस. वर्दीकाका, त्याला मिशा काढल्यात, तुम्हाला आहेत का विचारतोय.

वर्दी

होत्या. आता पांढऱ्या झाल्यात, अंधारात चांगल्या दिसतात.

लाल डबा

एस्टीचा कागद लावला होता का हो कठड्याला?